आधी बर्फ, मग तवा

मागच्या अंकात पावसाळ्यानंतरच्या मासळीवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक टुनाची. बाहेरून भाजलेली आणि आत लालबुंद ठेवलेली टुनाची जाड तुकडी लोकांनी हॉटेलात खाल्लेली असते. आता गोठवलेले स्टेक शहरांत पाकिटातून मिळतात, तेव्हा ते घरी करून बघावेत असं वाटणं साहजिक आहे. माझी नोकरीची वर्षं रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगून टाकते : हा पदार्थ जमणार की नाही हे तव्याच्या कितीतरी आधी ठरतं. मासा पाण्याबाहेर आल्यापासून तुमच्या हातात पडेपर्यंत किती थंड राहिला, यावर सगळं अवलंबून आहे. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेते आहे.

प्रश्न : यलोफिन टुनाचे गोठवलेले स्टेक आणले. सुरमईच्या तुकड्यांसारखं आलं-लसूण, हळद, तिखट लावलं, रव्यात घोळवून तव्यावर तळले. दिसायला छान, पण आतून इतके कोरडे की घास घशाखाली उतरेना. हॉटेलात तो मऊ कसा असतो? घरातल्या तव्यावर ते जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की जमेल. सुरमईची तुकडी काट्यासकट, कातडीसकट असते आणि तिच्या अंगात तेल असतं, म्हणून ती चार-पाच मिनिटं तळली तरी ओलसर राहते. टुनाचा स्टेक म्हणजे पाठीच्या पट्ट्यातलं निव्वळ मांस. काटा नाही, कातडी नाही आणि यलोफिनमध्ये चरबीही फार थोडी. असा मासा आतून ५५-६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की त्याचे धागे आवळतात, पाणी बाहेर फेकतात आणि उरतो तो चोथा. हॉटेलात त्याचा गाभा ४० ते ४५ अंशांच्या वर जाऊच देत नाहीत. मऊपणा तिथून येतो.

पहिली अट जाडीची. स्टेक अडीच ते तीन सेंटिमीटर जाड हवा. एक सेंटिमीटरच्या पातळ तुकड्या मिळाल्या तर त्यांच्यावर हा प्रयोग करू नका. बाहेर रंग येईपर्यंत त्या आत शिजलेल्याच असतात. त्यांचं सरळ कालवण करा, उत्तम होतं. दुसरी अट, पाकिटावर तो मासा कच्चा खाण्यालायक असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि दुकानातून घरी तो गोठलेल्याच अवस्थेत यायला हवा. पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे किंवा गोठलेल्या लाल पाण्याचा थर दिसला, तर तो वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलाय असं समजा आणि घेऊ नका.

आदल्या रात्री स्टेक पाकिटातून बाहेर काढून, ताटलीत जाळी ठेवून त्यावर मांडा आणि वर नुसतं झाकण घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवून किंवा कोमट पाण्यात बुडवून वितळवू नका. सकाळी खाली जमलेलं पाणी टाकून द्या. एखाद्या बाजूला गडद, जवळजवळ काळपट लाल पट्टा दिसेल. ते माशाचं रक्ताळ मांस. त्याला उग्र चव असते, धारदार सुरीने काढून टाका. मांजर असेल तर तिची चंगळ.

करायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी दोन्ही बाजूंना मीठ लावून स्टेक परत फ्रिजमध्ये ठेवा. मिठाने पाणी सुटतं, ते कागदी रुमालाने दाबून दाबून टिपा. वरचा भाग बोटाला कोरडा, किंचित चिकट लागला पाहिजे. ओला मासा तव्यावर पडला की आधी त्या पाण्याची वाफ होते. तवा थंडावतो, मासा भाजण्याऐवजी उकडतो आणि वर तांबूस रंग येईपर्यंत आतला लाल भाग गेलेला असतो. हळद, तिखट, आलं-लसूण यांतलं काही लावू नका. इतक्या आचेवर ते अर्ध्या मिनिटात करपून कडू होतं. जाडसर कुटलेली मिरी चालते, पांढरे-काळे तीळ दाबून लावले तर फारच छान.

तवा बिडाचा घ्या, नाहीतर जाड बुडाचं स्टीलचं पॅन. नॉनस्टिकला इतकी आच सोसत नाही, २६० अंशांच्या आसपास त्याचा थर खराब होऊ लागतो. बिडाचा तवा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो तिथल्या तिथे न आटता गोळी होऊन इकडेतिकडे धावला पाहिजे. तेल तव्यावर ओतण्यापेक्षा स्टेकलाच चोळा, धूर कमी होतो. रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान तेल चांगलं. घाण्याचं खोबरेल आणि लोणी या आचेवर जळतात. खिडकी उघडा, पंखा लावा, आणि मगच स्टेक फ्रिजमधून काढून थेट तव्यावर ठेवा. मटण आपण आधी बाहेर काढून ठेवतो, तसं इथे करायचं नाही. गाभा जितका थंड, तितका तो शिजायला वेळ लागतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

आता वरून बघू नका, वाकून कडेने बघा. सगळी गंमत तिथे दिसते. तव्याला टेकलेल्या बाजूने लाल मांस राखाडी-पांढरं होत एक पट्टी वर चढू लागते. ही पट्टी तीन-चार मिलिमीटर झाली, म्हणजे साधारण मिनिटभराने, की उलटा. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. मग चिमट्यात धरून कडा दहा-दहा सेकंद टेकवा आणि लगेच पाटावर काढा. तव्यावर राहू दिला तर गॅस बंद करूनही तो शिजतच राहतो. मांसाचे धागे कुठल्या दिशेने गेलेत ते बघून त्यांच्या आडवे, अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाडीचे काप करा. सुरीला धार हवी, रेटून कापलं की पाकळ्या सुटतात. पहिल्यांदा करताना एकच स्टेक टाका, कापून बघा आणि त्यावरून दुसऱ्याची वेळ ठरवा.

प्रश्न : आमच्याकडे बंदरावर ताजा कुपा मिळतो, तोही टुनाच ना? मग गोठवलेला कशाला आणायचा? ताज्या कुप्याचेच असे आत लाल ठेवलेले स्टेक केले तर?
— एक वाचक, मालवण

उत्तर : करू नका. हे मी कळकळीने सांगते आहे, आणि कारण जरा सविस्तर सांगते, कारण किनाऱ्यावरून हा प्रश्न वारंवार येतो.

आपण कुपा, गेदर म्हणतो ते टुनाच्या कुळातलेच मासे, पण त्यांत जाती वेगवेगळ्या. बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो लहान कुपा. त्याच्या पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर तिरप्या, नागमोडी काळ्या रेघा असतात आणि छातीच्या पंखाखाली बोटं टेकवल्यासारखे चार-दोन काळे ठिपके. पोटावर अंगाच्या लांबीने गेलेले पट्टे असलेला तो स्किपजॅक. यलोफिन मोठा होतो, त्याचे मागचे पंख लांब आणि पिवळेधमक असतात. परजीवी मारण्यासाठी कच्चा खायचा मासा गोठवावा लागतो. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाची त्यासाठीची अट उणे २० अंशांत सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांत पंधरा तास अशी आहे. या अटीतून यलोफिन, बिगआय, ब्लूफिन अशा काही जातींना सूट दिलेली आहे. आपला लहान कुपा आणि स्किपजॅक त्या सवलतीच्या यादीत नाहीत. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा साधारण उणे १८ अंशांचा असतो आणि दार उघडलं की तेवढाही राहत नाही, म्हणून 'घरीच गोठवून घेतो' हा मार्गही नको.

पण परजीवीपेक्षा मला जास्त काळजी हिस्टामिनची वाटते. टुनाच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत असणारे काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मासा गरम राहिला की हे काम झपाट्याने होतं. आणि टुना मुळातच इतर माशांपेक्षा गरम मासा आहे. सतत वेगाने पोहताना त्याच्या स्नायूंत तयार होणारी उष्णता तो अंगातच राखून ठेवतो, शरीर भोवतीच्या पाण्यापेक्षा काही अंश गरम असतं. जाळ्यात अडकून झटापट केली की ते आणखी तापतं. त्यात आपल्याकडे बराचसा कुपा तरंगत्या जाळ्यात येतो. रात्री अडकलेला मासा जाळ्यातच मरतो आणि जाळं ओढेपर्यंत २८-२९ अंशांच्या पाण्यात तसाच पडून राहतो. नंतर होडीत बर्फ पुरेसा नसेल, बंदरावर लिलावाला उन्हात मांडला, बाजारात फळीवर नुसतं पाणी मारत ठेवला, की घरी येईपर्यंत काय झालं असेल ते डोळ्यांना दिसत नाही. मासा चकचकीत असतो, वासही येत नाही.

एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, गोठवून, डबाबंद करून, कशानेही जात नाही. म्हणूनच निर्यातीच्या मालात युरोपच्या नियमाप्रमाणे एका लॉटमधून नऊ नमुने तपासायचे असतात. त्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत हवी, फार तर दोन नमुने १०० ते २०० च्या मध्ये चालतात, आणि एक जरी २०० च्या वर गेला तरी तो लॉट नापास. मी ज्या टेबलावर बसत होते तिथे हेच काम चालायचं. दिसायला निर्दोष मासा या तपासणीत पडताना पाहिला, की बर्फाच्या खर्चात कपात करणाऱ्यांचा राग यायचा. अजूनही येतो.

हिस्टामिन बाधलं तर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा-मान लाल होते, अंगाला खाज येते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, कधी उलटी-जुलाब होतात. खातानाच तोंडात मिरी खाल्ल्यासारखी चुरचुर जाणवली तर तो मासा तिथेच बाजूला सारा. लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जा आणि कोणता मासा खाल्ला ते आठवणीने सांगा. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी अजिबात वेळ घालवू नये. अनेकजण हा त्रास म्हणजे 'मला माशाची ॲलर्जी आहे' असं समजून मासळी कायमची सोडतात. बहुतेक वेळा दोष त्या एका माशाच्या हाताळणीचा असतो, त्यामुळे आधी नीट तपासून घ्या.

तेव्हा बंदरावर कुपा घेताना विचारा : पोट साफ करून बर्फ भरला होता का, रात्रीचा की पहाटेचा? कल्ला उघडून बघा, लाल हवा, तपकिरी नको. हात लावा, मासा गार लागला पाहिजे. घरी जाताना सोबत बर्फाचा डबा न्या, वाटेत दुसरी कामं काढू नका. आणि घरी त्याचं व्यवस्थित शिजवलेलं तिखलं करा. माझी आई कुप्याच्या तुकड्या मीठ-कोकम लावून अर्धा तास ठेवायची, ते लाल पाणी टाकून मग त्रिफळं घातलेल्या वाटणात शिजवायची. त्या तिखल्यापुढे मला कुठलाही स्टेक आठवत नाही. लक्षद्वीपमध्येही स्किपजॅक उकडून, धुरावर धरून, वाळवून त्याचं 'मासमीन' करतात. ते लोक पिढ्यान् पिढ्या टुनावर जगतात, माशाची गत त्यांना चांगली कळते.

प्रश्न : इथे अमेरिकेत दुकानात दोन तऱ्हेचे स्टेक मिळतात. एक कलिंगडासारखा लाल, दुसरा मळकट तांबूस. लाल तो ताजा समजून घेते. त्या पाकिटावर 'टेस्टलेस स्मोक' असं बारीक अक्षरांत असतं, ते काय? आणि वितळवण्याआधी पाकीट उघडा असं का लिहितात?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लाल रंगावरून ताजेपणा ठरवू नका. टुनाच्या मांसाला रंग देणारं मायोग्लोबिन हवेत हळूहळू तपकिरी होतं, गोठवूनही होतं. कार्बन मोनॉक्साइड किंवा तो असलेला गाळलेला धूर माशाला दिला की त्याचा मायोग्लोबिनशी घट्ट संयोग होतो आणि रंग लालगुलाबी राहतो. मासा जुना झाला, खराब झाला तरी लालच राहतो! 'टेस्टलेस स्मोक' म्हणजे हेच. अमेरिकेत याला परवानगी आहे, युरोपीय संघात आणि जपानमध्ये मनाई. असा मासा विषारी नसतो, पण रंगाने मिळणारी सूचना त्यात पुसली जाते, म्हणून मी तो घेणार नाही. किंचित तपकिरी छटा असलेला, उणे ६० अंशांत गोठवलेला टुना मिळाला तर डोळे झाकून तो घ्या. जपानचा कच्चा खायचा टुना असाच साठवतात.

पाकिटाबद्दलची सूचना मात्र अक्षरशः पाळा. निर्वात पाकिटात हवा नसते, आणि माशात आढळणारा, बोटुलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूचा एक प्रकार हवेविना, साडेतीन अंशांच्या आसपासच्या थंडीतही वाढू शकतो. गोठलेला असेपर्यंत धोका नाही, बंद पाकिटात वितळत पडला की आहे. कात्रीने पाकीट उघडायला दोन सेकंद लागतात.

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. तिला असा आत लाल असलेला टुना खायचे डोहाळे लागलेत. द्यावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आत लाल असलेला देऊ नका. गरोदरपणी कच्चा किंवा अर्धकच्चा मासा टाळायचा, जात कुठलीही असो. पूर्ण शिजवलेला, म्हणजे गाभा ६३ अंशांपर्यंत गेलेला आणि मांस अपारदर्शक होऊन पाकळ्या सुटणारा टुना चालतो, पण मोजून. मोठे मासे लहान मासे खाऊन आपल्या अंगात पारा साठवतात आणि तो बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक असतो. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचा गरोदर स्त्रियांना सल्ला असा : बिगआय अजिबात नको, यलोफिन आठवड्यातून एकदाच, साधारण ११० ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको. तिला मासे खायचेच असतील तर बांगडा, तारली यांसारखे लहान मासे नीट शिजवून द्या. डोहाळे पुरवायला बाळंतपणानंतरही वेळ आहे, तेव्हा तिला हा स्टेक मानाने करून घाला.

प्रश्न : स्टेक जमला, पण घरात सोया सॉस आणि वसाबी कुणाला आवडत नाही. आपल्या पद्धतीचं काय वाढता येईल? आणि उरला तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जपानच्या शिकोकू बेटावर कोची नावाचा प्रांत आहे, जुनं नाव तोसा. तिथे स्किपजॅक वाळलेल्या भाताच्या पेंढ्याच्या जाळावर धरतात. ज्वाळा मोठी आणि क्षणभराची, त्यामुळे वरचा थर भाजतो, धुराचा वास लागतो आणि आतला मासा कच्चाच राहतो. त्याला 'ताताकी' म्हणतात. तोंडी लावायला कच्च्या लसणाच्या चकत्या, पातीचा कांदा आणि आंबट फळाच्या रसातला सॉस. लसूण आणि आंबट, हे तर आपल्या घरातलंच आहे.

मी असं करते : कोकमाचं आगळ दोन चमचे, तेवढंच पाणी, ठेचलेली लसणाची एक पाकळी, हिरव्या मिरचीच्या बारीक चकत्या, चिमूटभर साखर. आगळात मीठ असतं, वेगळं घालू नका. त्रिफळाची आतली काळी बी काढून टाकायची, नुसती सालं कोरडीच किंचित गरम करून कुटायची आणि कापांवर अगदी थोडी भुरभुरायची. जपानी स्वयंपाकातलं सान्शो हे त्रिफळाच्याच कुळातलं, जीभ तशीच मुंगावते, त्यामुळे ही संगत परकी वाटत नाही. आगळ कापांवर ओतू नका, वाटीत वेगळं द्या आणि खाताना बुडवा. आंबटात पडून राहिला की मासा पांढरा पडतो आणि मेहनतीने राखलेला लाल रंग पाच मिनिटांत जातो. सोबत गरम आंबेमोहोर भात आणि काकडीची कोशिंबीर पुरे. नारळाच्या रसाचं वगैरे काही करू नका, माशाची चव दबते.

उरलेले काप तासाभराच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. परत गरम केले तर नाशिकच्या वाचकांच्या स्टेकसारखा त्यांचा चोथा होईल, म्हणून ते गारच कुस्करा. त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि थोडं ओलं खोबरं घाला आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खा. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा आजारी कुणी घरात असेल तर त्यांच्यासाठी सुरुवातीलाच एक स्टेक वेगळा काढून पूर्ण शिजवा. तो थोडा कोरडा होतो, तेव्हा त्यांच्या वाटीत आगळ जरा जास्त घाला.